कोपनहेगनला राहायचं कुठे?

प्रश्न: जूनमध्ये आई-बाबांना घेऊन कोपनहेगनला चाललोय. न्यूहाउन या जुन्या बंदराजवळच्या हॉटेलांचे रेट बघून डोळेच पांढरे झाले. दुसरीकडे कुठे राहावं?

उत्तर: अहो, न्यूहाउनला फोटो काढायला जा, राहायला कशाला! आमागेरब्रो हा भाग बघा, एअरपोर्टवरून एम-२ मेट्रो थेट येते, बॅगा घेऊन गाडी बदलायची भानगड नाही, मेट्रो रात्रभर चालू असते आणि तिथून दुसरंच स्टेशन कोंगेन्स न्यूटॉर्व, म्हणजे न्यूहाउन चार पावलांवर. सेंट्रल स्टेशनमागचं व्हेस्टरब्रोही चालेल, खाण्यापिण्याची चंगळ आहे, पण तिथल्या इस्टेडगेड रस्त्यावर रात्री गोंगाट असतो हं. बुक करताना लिफ्ट आहे का ते आधी विचारा, जुन्या बिल्डिंगांचे जिने चढताना आई-बाबांच्या गुडघ्यांची वाट लागेल. आणि जाड पडदे बघा, जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो.