क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर कोकणातल्या वादळांचा अंदाज अचूक होईल का?

लगेच तरी नाही. अंदाजासाठी वारा, समुद्र, ढग यांची प्रचंड माहिती यंत्रात भरावी लागते आणि क्वांटम यंत्राला नेमकं तेच जड जातं. शिवाय क्यूबिट, म्हणजे या यंत्रातला माहितीचा सगळ्यात लहान घटक, फार नाजूक. जराशा उष्णतेनं गणित बिघडतं, म्हणून बरीच यंत्रं उणे २७३ अंशांच्या आसपास ठेवतात. गूगलच्या २०२४ च्या विलो या क्वांटम चिपमध्ये १०५ क्यूबिट आहेत; चुका सुधारत मोठं गणित करायचं तर लाखो लागतील असा अंदाज आहे.

मला खरी आशा वाटते ती रेणूंच्या गणितात, म्हणजे औषधं, खतं, बॅटऱ्या.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बोट काढताना मात्र हवामान खात्याचा इशाराच बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर कृपा करून जाऊ नका.