डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळात पहिल्या लेव्हलच्या (म्हणजे अगदी नवख्या पात्रांच्या) खेळाडूंसमोर डायर वुल्फ, म्हणजे मोठा थोरला लांडगा, आणावा का? आणि असा लांडगा खरंच होता का?

आणा, पण एकच. खेळाच्या 2014 च्या नियमांत त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल) 37, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 14 आणि वेग एका पाळीत 50 फूट. एक चावा सरासरी 10 डॅमेज देतो. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) जेमतेम 7-8 हिट पॉइंट असतात. चार खेळाडूंसाठी एक लांडगा ठीक, दोन म्हणजे जिवावरचा खेळ.

खरी भीती कळपाची. लांडग्याचा सोबती लक्ष्याच्या 5 फुटांत असला की हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. वर चावा बसल्यावर 13 चा स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीच्या जोरावर बचावाचा फासा) हुकला तर माणूस आडवा, आणि उठण्यात अर्धी चाल खर्च. पळून सुटका नाहीच.

फोंड्याला आमच्या घरी जुलैच्या पावसात खेळताना मी लांडगा शेवटपर्यंत दाखवला नाही. आधी ओल्या मातीत ताटलीएवढं पाऊल, मग झाडीत धाप. वीज गेली होती, मेणबत्तीवर फासे टाकत होतो. रॉगची (चोर पात्राची) फिगर मी बोटाने आडवी केली तेव्हा टेबलावर कुणी बोलेना. तुम्हीही असंच करा, आकडे नंतर.

आणि हो, तो खरा होता, पण अमेरिका खंडांत. हिमयुगाअखेर नामशेष झाला. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ डांबरखड्ड्यांतून 4,000 हून जास्त लांडग्यांचे अवशेष निघालेत. वजन साधारण 60-70 किलो, म्हणजे खेळातल्यासारखा घोड्याएवढा मुळीच नव्हता. 2021 मध्ये डीएनएवरून कळलं की आजच्या करड्या लांडग्याशी त्याचं नातंही लांबचंच.