चार डिव्हाइस आणि गल्ल्यावरची डायरी

प्रश्न: भाऊ नमस्कार. आमचं रावेरला कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात विंडोजचा कॉम्प्युटर, माझ्याकडे अँड्रॉइड फोन, पोरगी पुण्याला शिकते तिच्याकडे आयफोन, आणि घरी जुना लॅपटॉप, त्यावर भाच्याने लिनक्स टाकून दिलंय. सगळे पासवर्ड गल्ल्यावरच्या डायरीत. मागच्या महिन्यात एका पोर्टलचा पासवर्ड टाकायला गेलो तर शून्य का इंग्रजी ओ तेच कळेना, तीनदा चुकला आणि अकाउंट लॉक. चारही ठिकाणी चालेल असा पासवर्ड मॅनेजर कोणता? पैसे भरायची तयारी आहे पण उगाच नको.
– एक वाचक, रावेर

उत्तर: पैसे ठेवा खिशात, बिटवॉर्डन घ्या. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं, आणि फ्री मध्येच डिव्हाइस कितीही जोडा, पासवर्ड कितीही ठेवा. हे मुद्दाम सांगतोय कारण फ्री म्हटलं की पुढे काय होईल सांगता येत नाही, लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरचं बघा ना, 2021 मध्ये त्यांनी फ्रीवाल्यांना सांगितलं की कॉम्प्युटर नाहीतर मोबाईल, दोन्हीतलं एकच निवडा, आणि 2022 मध्ये तर लोकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) कॉप्याच चोरीला गेल्या. त्यामुळे कुठलंही घ्या, पण आपला डेटा बाहेर काढता येतो की नाही ते आधी बघायचं. बिटवॉर्डनमध्ये येतो.

ॲपलचं पासवर्ड्स ॲप छान आहे पण ते अँड्रॉइडवर नाही, म्हणजे तुम्ही बाहेर. गूगलचं क्रोमच्या जोरावर सगळीकडे चालून जातं, फक्त दुकानातल्या क्रोममध्ये तुमचं गूगल अकाउंट दिवसभर उघडं आणि समोर कामावरचा पोऱ्या, मला ते पटत नाही भो. कीपासएक्ससी पण फ्री आणि मजबूत, पण त्याची फाईल या डिव्हाइसवरून त्या डिव्हाइसवर तुम्हालाच फिरवत बसावी लागते, भाचा रोज येणार आहे का?

आता खरं काम. मास्टर पासवर्ड, म्हणजे ज्या एका पासवर्डने बिटवॉर्डन उघडतं तो. हा विसरलात तर कंपनी पण काढून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. पोरीचं नाव आणि गाडीचा नंबर नको, चारपाच असंबंधित शब्द जोडा, कोयता, तिसरा मजला, शेवभाजी, रेल्वे फाटक असं काहीतरी (हेच नका टाकू, छापून आलंय आता). कागदावर लिहा, दुकानात नाही, घरी कपाटात सातबाऱ्याच्या फाईलीत. दुसरं म्हणजे ईमेलचा पासवर्ड पाठच पाहिजे. नवीन डिव्हाइसवर लॉगिन केलं की बिटवॉर्डन ईमेलवर कोड पाठवतं, आणि ईमेलचा पासवर्ड जर बिटवॉर्डनच्या आतच ठेवला असेल तर चावी तिजोरीत आणि तुम्ही बाहेर. टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) चालू केलं तर कोड ईमेलऐवजी ऑथेंटिकेटर ॲपमधून, म्हणजे फोनवर कोड दाखवणाऱ्या ॲपमधून येतो, त्याचा रिकव्हरी कोड पण त्याच कागदावर लिहून ठेवा, फोन हरवला की तोच कामाला येतो.

क्रोममध्ये आधीचे पासवर्ड सेव्ह असतील तर सीएसव्ही फाईल (साध्या तक्त्याची फाईल) काढून बिटवॉर्डनमध्ये इम्पोर्ट करता येतात, दहा मिनिटांचं काम. पण त्या फाईलीत सगळं उघडं लिहिलेलं असतं, कोणीही एक्सेलमध्ये उघडून वाचेल, म्हणून इम्पोर्ट झाल्या झाल्या डिलीट, रिसायकल बिनमधून पण. तिथे राहून गेलेली फाईल मी डोळ्यांनी पाहिलीय, बँकेसकट.

पोरीचं अकाउंट वेगळं करा, तुमच्यात घुसवू नका. फ्री मध्ये दोन माणसांना मिळून शेअरिंग मिळतं, घरचं वीजबिल, वायफाय वगैरे तिथे टाका. दुकानाच्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत आपोआप लॉक होईल असं सेट करा. आणि एक फायदा लक्षात ठेवा, ओळखीची साईट उघडलीये पण बिटवॉर्डन पासवर्ड सुचवत नाहीये, असं झालं तर हाताने टाकायची घाई नको, आधी वरचा पत्ता वाचा, साईट नकली असू शकते.

यूपीआय पिन यात नका टाकू, तो डोक्यातच बरा.

डायरी लगेच फाडू नका, महिनाभर राहू द्या, एखादा पासवर्ड सुटलेला असतोच. फक्त गल्ल्यावरून उचला.