वायफाय कार्ड दिसते, पण नेटवर्क दिसत नाही

प्रश्न : लॅपटॉपवर लिनक्स नव्याने बसवले. वायफाय कार्ड यादीत दिसते, परंतु एकही नेटवर्क सापडत नाही. कार्ड बदलावे का?

उत्तर : कार्ड बदलण्याची घाई करू नये. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) प्रथम ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) ही आज्ञा द्यावी. तेथे ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर लॅपटॉपवरील वायफायचे बटणच बंद आहे, आणि हे वाटते त्याहून अधिक वेळा घडते. तसे नसल्यास संगणकातील कार्डांची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘-के’ जोडून (lspci -k) पाहावे. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असूनही नेटवर्क मिळत नसेल, तर फर्मवेअरचा, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संशय घ्यावा, कारण कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, येत असला तरी कार्डाच्या चिपमध्ये भरावयाची फर्मवेअर फाइल बहुधा स्वतंत्र पॅकेजमध्ये असते. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेच्या नोंदींत ती न सापडल्याची तक्रार फाइलच्या नावासह दिसते. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने 2023 मधील बाराव्या आवृत्तीपासून अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट केली. जुन्या आवृत्तीत मात्र ते पॅकेज वेगळे घ्यावे लागते. त्यासाठी इंटरनेट हवे, आणि तेच तर नाही! अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू करावे, पॅकेज बसवावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा.