टॉवेल हलका का भरतो?

सदर : चेकिंगच्या टेबलावरून

प्रश्न : मास्तर, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी चार मागांवर सुरू केला, आज चोवीस माग आहेत. दोन वर्षांपासून मी बघतो. एप्रिल लागल्यापासून माल हलका भरतोय. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ५०० ग्रॅम भरायला हवा, तो ४८० भरतो. कारागिरांची मजुरी कापायला लागलो, चेकिंगला दोन माणसं वाढवली, ‘गुणवत्ता हाच आमचा धर्म’ असा मोठा फलकही लावला. तरी व्यापाऱ्याकडून ताण्याची तार (उभा धागा) तुटल्याच्या, लूप ओढल्याच्या तक्रारी येतातच. कारागिरांना शिस्त कशी लावावी? आणि आयएसओचं प्रमाणपत्र घेतलं तर फरक पडेल का?
— एक कारखानदार

मालक, मजुरी कापणं आधी थांबवा. बाकीचं नंतर बोलू, पण हे आजच करा.

कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. सुती मालाचं वजन कोरड्या कापसावर साडेआठ टक्के ओलावा गृहीत धरून करायची व्यापाराची रीत आहे. त्या हिशेबाने तुमच्या ५०० ग्रॅमच्या टॉवेलमध्ये कोरडा कापूस साधारण ४६१ ग्रॅम आणि पाणी ३९ ग्रॅम. एप्रिलमधली आपल्या सोलापूरची हवा तुम्हाला मी काय सांगावी? पारा बेचाळिसावर, ओठ फुटतात, अंगावरचा घाम दिसायच्या आत वाळतो. अशा हवेत त्या कापसातला ओलावा चार टक्क्यांवर उतरला, तर तोच टॉवेल ४७९ ग्रॅम भरतो. कारागिराने एक लूपही कमी विणलेला नसतो. तुम्ही ज्याची मजुरी कापताय, ते उडून गेलेलं पाणी आहे.

मी हे फार उशिरा शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. १९९३ च्या उन्हाळ्यात मी एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होतो. तिथे पूर्व भागातले एक जुने कारागीर होते. घरी तेलुगू, मागावर मराठी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. सलग तीन आठवडे त्यांचा माल हलका भरला आणि सलग तीन आठवडे मी त्यांच्या कार्डावर लाल पेनने कपात लिहिली. ते एवढंच म्हणाले, ‘‘मास्तर, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) तोच, सूत तेच, हात तोच. मग वजन कुठं गेलं ते तुम्हीच सांगा.’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी पेन चालूच राहिला. जुलैत पाऊस लागला आणि त्याच मागावर, त्याच सुताचा टॉवेल ५०२ ग्रॅम भरायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एप्रिलचा ठेवलेला नमुना आणि जुलैचा नमुना दोन्ही ओव्हनमध्ये पूर्ण वाळवले आणि कोरडं वजन घेतलं. फरक नव्हता.

कापलेले पैसे मालकांकडून मंजूर करून मी मामांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी घेतले, चहाही पाजला. पण पूर्वी ते आपण होऊन येऊन सांगायचे, ‘‘हा बीम ढिला आलाय’’, ‘‘या गाठोड्यातल्या सुताला गाठी लई आहेत’’. ते त्यांनी बंद केलं. पुढं वर्षभर त्यांनी मला मागावरची एकही अडचण स्वतःहून सांगितली नाही. विचारलं तर ‘‘बरं चाललंय’’. ते ‘‘बरं चाललंय’’ मला आजही टोचतं, आणि तुमच्या कारखान्यात आज चोवीस मागांवर तेच उत्तर मिळत असणार असं मला वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे या. तार तुटलेली असताना माग चालूच का राहतो? तार तुटली की खाली पडून माग थांबवणाऱ्या पट्ट्या आपल्या मागांवर असतात. एकदा स्वतः जाऊन बघा, किती मागांवर त्या बांधून ठेवल्यात. आणि कुणी बांधल्या हे विचारण्याआधी हे विचारा, की माग थांबला की कारागिराचं काय जातं? मजुरी नगावर आहे. माग थांबला की त्याची भाजी-भाकरी थांबते. वर तुमची कपात. मग तो माग थांबवेल कशाला?

साकिची तोयोदांनी १९२४ मध्ये जपानमध्ये एक स्वयंचलित माग तयार केला. ताण्याची तार तुटली की तो आपोआप थांबायचा. पुढे त्याच घराण्याने मोटारी बनवायला घेतल्या, त्याच टोयोटा मोटारी आज जगभर धावतात. त्या मोटारींच्या कारखान्यात एक रीत रुजली. दोष दिसला की कुठलाही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो, आणि अडचण सुटली नाही तर अख्खी रांग थांबते. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, कारण सगळं जग ज्याला मोटारवाल्यांची पद्धत म्हणतं तिचं मूळ मागावर आहे, तुमच्या-माझ्या धंद्यात. पण नुसत्या पट्ट्या बसवून ती पद्धत येत नाही. थांबलेल्या वेळेचे पैसे कारागिराच्या खिशातून जाणार नाहीत, हे मालकाने सांगावं लागतं, आणि पगाराच्या दिवशी ते दिसावं लागतं.

एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ. १९५० मध्ये त्यांनी जपानच्या कारखानदारांना व्याख्यानं दिली. पुढच्याच वर्षापासून त्यांच्या नावाने तिथे पारितोषिक सुरू झालं. त्यांच्या चौदा मुद्द्यांतला तिसरा मुद्दा असा, की गुणवत्तेसाठी तपासणीवर विसंबून राहू नका. आठवा मुद्दा : भीती घालवा. दहावा मुद्दा कामगारांसाठी लावलेल्या घोषणा-फलकांच्या विरोधात आहे. तुम्ही दोन चेकर वाढवले, कपात सुरू केली आणि फलक लावला. तिन्ही नेमके उलट झाले. रागावू नका, मीही या तिन्ही चुका केल्यात.

डेमिंग एक प्रयोग करून दाखवायचे. ४,००० मण्यांच्या पेटीत ८०० लाल आणि बाकीचे पांढरे. कामगाराला पन्नास खळग्यांची फळी द्यायची आणि सांगायचं, पांढरेच मणी काढ, लाल म्हणजे दोष. दर खेपेला कमी-जास्त दहाएक लाल येणारच. कमी आले त्याला शाबासकी, जास्त आले त्याला दम. पाहणारे हसायचे, कारण मणी पेटीतच तसे होते. पेटी कोणी भरली? मालकाने. तुमची पेटी म्हणजे तुम्ही घेता ते सूत, तुमचं सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावणं), तुमच्या मागांची दुरुस्ती आणि तुमची मजुरीची पद्धत. किलोमागे चार रुपये स्वस्त मिळालं म्हणून दर महिन्याला सुताची गिरणी बदलत असाल, तर लाल मणी तुम्ही स्वतः पेटीत टाकताय.

म्हणून असं करा. चार माग निवडा. प्रत्येक पाळीत किती तारा तुटल्या आणि कशाने तुटल्या ते कारागिरालाच लिहू द्या : सुताची गाठ, बीम, की माग. लिहिल्याबद्दल कुणाला एक शब्द बोलायचं नाही. सहा आठवडे एवढंच. वजन कोरडं मोजा आणि कापलेली मजुरी परत करा. चेकिंगच्या जादा दोन माणसांना टेबलावरून उचलून सूत उतरतं तिथे उभं करा. सहा आठवड्यांनी ते कागद घेऊन कारागिरांबरोबर बसा, आणि आधी त्यांना बोलू द्या. फलकाच्या जागी तो तार तुटीचा तक्ता लावा.

आयएसओचं म्हणाल तर घ्या, परदेशी ग्राहक विचारतात. फक्त हे ध्यानात ठेवा, की आयएसओ ही प्रमाणकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्वतः प्रमाणपत्र देत नाही, प्रमाणन करणाऱ्या वेगळ्या संस्था देतात. आणि ९००१ या तिच्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या प्रमाणकाच्या २०१५ च्या आवृत्तीत एक बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्वी कारखान्याने एक ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ नेमावाच लागायचा, आणि मालक सगळं त्याच्यावर टाकून मोकळे व्हायचे. ती सक्ती काढली. व्यवस्था चालते की नाही याचं उत्तर आता सर्वांत वरच्या माणसाने द्यायचं आहे. तुमच्या कारखान्यात तो माणूस तुम्ही आहात.

प्रश्न : आमच्या पुस्तकात गुणवत्ता व्यवस्थापनाची आठ तत्त्वं आहेत, सरांच्या नोट्समध्ये सात. परीक्षेत काय लिहू?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

दोन्ही आपापल्या काळात बरोबर. आयएसओ ९००१ च्या २००० च्या आवृत्तीबरोबर आठ तत्त्वं होती, २०१५ पासून सात आहेत : ग्राहकाकडे लक्ष, नेतृत्व, माणसांचा सहभाग, कामाकडे प्रक्रिया म्हणून पाहणं, सुधारणा, पुराव्यावर आधारित निर्णय आणि संबंध सांभाळणं. व्यवस्थेचा एकत्रित विचार हे पूर्वी वेगळं तत्त्व होतं, ते प्रक्रियेच्या तत्त्वात सामावलं. सात लिही आणि वर्ष लिही. आणि बाळ, सुट्टीत एखाद्या कारखान्यात आठ दिवस उभी राहा. वरचं पत्र पुन्हा वाच, त्या एका टॉवेलच्या वजनात तुला सातही तत्त्वं सापडतील.

प्रश्न : आमचा अकरा जणींचा बचत गट शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करतो. भाकरीची तक्रार नाही. चटणीची चव मात्र प्रत्येक घाण्याला बदलते, आणि पुण्याचे दुकानदार ते बोलून दाखवतात. सगळ्यात जुन्या मावशी अंदाजाने मीठ-तिखट घालतात. वजन करा म्हटलं की त्यांना अपमान वाटतो. मी वयाने लहान, पण गटाची अध्यक्ष आहे. काय करू?
— एक ताई

ताई, मावशींचं वाईट वाटणं खरं आहे, ते आधी मान्य करा. तीस वर्षं ज्या हाताने घर जेवलं, त्या हातासमोर तुम्ही काटा आणून ठेवलात.

काटा मावशींच्या हातात द्या. त्यांना म्हणा, ‘‘मावशी, तुमच्या हातची चव आम्हा दहा जणींना यायला पाहिजे, तुम्ही नसाल त्या दिवशीही. तुम्ही घाला, मी फक्त लिहून घेते.’’ त्यांनी चिमूट उचलली की ती आधी वाटीत घ्यायची, वाटी काट्यावर ठेवायची आणि मगच शेंगदाण्यांत टाकायची. असे पाच घाणे करा. त्या पाचांतला सगळ्यात चांगला घाणा कोणता ते मावशींनीच ठरवायचं. ते झालं तुमच्या गटाचं प्रमाण, आणि ते मावशींच्या नावाने ओळखलं जाऊ द्या.

पण मला शंका आहे की दोष मिठात नसावाच. शेंगदाणा दर वेळी त्याच ठिकाणचा असतो का? नव्या आणि जुन्या दाण्याचं तेल सारखं सुटत नाही. भाजणी कोण करतं, आणि कढई किती भरते? भरगच्च कढईत खालचा दाणा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. लसूण ओला की वाळलेला? कांडताना मावशी कधी थांबतात, हे त्यांना विचारा. तेल सुटून गोळा व्हायला लागला की थांबत असतील, आणि दुसरी कुणी घड्याळ बघून थांबत असेल. भाजलेला दाणा गरम असतानाच कांडून पाकीट बंद केलं, तर आत वाफ धरते आणि पुण्याला पोचेपर्यंत चटणी खवट लागू शकते. यातलं एका वेळी एकच बदला. सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

प्रत्येक घाण्यातली एक छोटी बाटली तारीख घालून बाजूला ठेवा. दुकानदाराचा फोन आला की त्या तारखेची बाटली अकरा जणींनी मिळून चाखा. त्या दिवशी कांडायला कोण होती याची चौकशी करू नका. तेवढी एक चौकशी केलीत, तर पुढच्या वेळी बाटलीत सगळ्यात चांगला घाणा भरला जाईल.

प्रश्न : मी गणवेशाच्या कारखान्यात चेकर आहे. मे उजाडला की मालक म्हणतात, ‘‘शाळा उघडायला आल्या, माल सोड.’’ खिशाची शिलाई उसवलेले शर्टही सोडावे लागतात. तक्रार आली की मात्र सही माझी असते. बोललो तर नोकरी जाईल. नाव छापू नका.

नाव छापत नाही. तुमच्या जागी मी बसलेलो आहे, म्हणून ‘हिंमत करा’ असं नुसतं सांगणार नाही. तुमच्या घरची चूल तुम्हाला पेटवायची आहे.

एवढं करा. शंभर शर्ट घ्या. त्यात किती खिसे उसवले, किती काज निसटले, किती बटणं ढिली, ते मोजून तारखेसह लिहा. असं रोज, पंधरा दिवस. मग खिशाची शिलाई जिथे होते तिथे जाऊन त्या टेलरताईंशी बोला. बहुतेक वेळा टाक्याची लांबी, बोथट सुई किंवा घाईत न मारलेला पक्का टाका यांतलं काहीतरी निघतं, आणि ते दुरुस्त करायला त्या जागी काही सेकंद लागतात. तयार शर्ट उसवून पुन्हा शिवायला किती मिनिटं जातात तेही मोजा. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून मालकांकडे न्या. मे महिन्यात नेऊ नका, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ट्रक असतो. दिवाळीनंतर, कारखाना शांत असताना न्या, आणि चार माणसांसमोर बोलू नका.

तोवर माल सोडायचा हुकूम आला, तर रजिस्टरात ‘मालकांच्या सांगण्यावरून सोडला’ असं लिहिता येतं का बघा. ते जमणार नसेल तर निदान दोषांची खरी संख्या लिहा, ती कधीही खोडू नका. आणि मालकांची तयारी असेल तर मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मी येईन आणि एक दिवस तुमच्या टेबलावर तुमच्या शेजारी बसून शर्ट मोजीन. फी नाही, दुपारी भाकरी-चटणी चालेल.