वही साड्यांखाली का ठेवतेस?

पत्र, थोडक्यात:

"ताई, आम्ही गोव्यात साखळी गावाजवळ राहतो. हे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, हातात २४,००० रुपये येतात. पेट्रोलपुरते ठेवून बाकीचा पगार माझ्याकडे देतात. मला सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. मुलगा यंदा चौथीत जाईल, स्कूटरचा हप्ता चालू आहे. दोन वर्षं मी रोज रात्री सगळा हिशेब लिहिते, तरी महिनाअखेरीला हजार-बाराशे कमी पडतात आणि दुकानात उधारी राहते. ह्यांना कसलीच काळजी नाही. रविवारी सातशेची मासळी आणणार म्हणजे आणणार, इसवण (सुरमई) दिसली की भावही विचारत नाहीत. मासळीच्या आकड्यांखाली मी लाल शाईने रेघ मारते. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नणंदेच्या सासरी पहिलं वजं (माहेरची भेट) द्यायचं होतं, तेव्हा माझ्या बांगड्या पतसोसायटीत ठेवून ४५,००० काढले, ते अजून फिटलेले नाहीत. खर्च कमी करा म्हटलं की हे हसतात. म्हणतात, 'तू आहेस ना, तू चालवतेस बरोबर.' वही साड्यांखाली असते, ती काढून तुम्हाला हे आकडे लिहिलेत. ह्यांना हात आखडता घ्यायला कसं शिकवू?"

बाय, वही साड्यांखाली का असते?

ते वाक्य तू सहज लिहून गेलीस आणि मी तिथेच अडले. रोज रात्री जागून लिहिलेली वही, जिच्यात नवऱ्याच्या खर्चाखाली लाल रेघा आहेत, ती त्याच नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून घड्यांखाली सरकवायची? मग त्या रेघा मारल्यास कोणासाठी?

तुझी अपेक्षा अशी दिसते की मी त्याला चार शब्द सुनवावेत. नाही सुनावणार. पगार झाला की तो पैसे तुझ्या हातावर ठेवतो. त्यानंतर रोज चूल पेटते, मुलाची फी वेळेवर जाते, बहिणीचं वजं थाटात जातं. घरात पैसे कमी पडताहेत हे त्याला कशावरून कळावं? दुकानातली उधारी तू बोलून ठेवतेस, तूट तू लिहून ठेवतेस आणि लिहिलेलं झाकून ठेवतेस. 'तू चालवतेस बरोबर' हे त्याचं बोलणं तुला बेफिकिरीचं वाटलं. मला त्यात विश्वास ऐकू आला, आणि तो विश्वास ज्या माहितीवर उभा आहे ती माहितीच खरी नाही. 'खर्च कमी करा' असं तू म्हणतेस. किती कमी, कशासाठी कमी, महिन्याला किती तूट येते, हे कधी आकड्यात सांगितलंस? इसवण आणणारा माणूस आपल्या घराला इसवण परवडते असं समजून आणतो.

आता बांगड्या. पत्रात 'ठेवून ४५,००० काढले' एवढंच आहे. कोणाला विचारून काढले ते नाही. त्याला हे ठाऊक नाही असं मी धरून चालले आहे. 'वज्याचं जमेल ना?' असं त्याने विचारलं असेल आणि तू 'मी बघते' म्हणाली असशील. नंतर एखाद्या लग्नाला हात मोकळा दिसला तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली असशील. तुझा राग तिथून सुरू झाला आहे. बहीण त्याची आणि बांगड्या माझ्या, हे तुझ्या मनात घोळतं आहे. वहीत त्याला रकाना नाही, म्हणून तो राग दर रविवारी मासळीच्या नावावर पडतो. तो राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. मुलीच्या पहिल्या चवथीला माहेरून वजं गेलं पाहिजे, चांगलं गेलं पाहिजे, आणि तो भार सुनेच्या हातातल्या सोन्याने उचलावा, हे जड आहेच. पण ते त्याला कळू न देता उचलायचं तू ठरवलंस.

मी कडक बोलते आहे कारण मुदत जवळ आली आहे. सोनंतारण कर्जाची मुदत बहुधा वर्षाची असते. तुझ्या सोसायटीचा दर मला माहीत नाही, पण महिन्याला शेकडा एक धरला तरी ४५,००० वर ४५० रुपये होतात, वर्षाला ५,४००. दर त्याहून जास्त असेल तर आणखी. मुदत टळून गेली की नोटीस येते, आणि तरीही पैसे भरले नाहीत तर सोनं लिलावात जातं. ती नोटीस घरी येणार. तू मुलाला आणायला शाळेत गेली असलीस तर पोस्टमन ती कोणाच्या हातात देईल? ही गोष्ट नवऱ्याला तुझ्या तोंडून कळली पाहिजे, कागदावरून नव्हे.

म्हणून येत्या रविवारी हे कर. त्याला मासळी आणू दे, पोटभर जेवू दे. मुलाला शेजारी खेळायला पाठव. मग वही काढ, त्याच्यासमोर ठेव आणि बांगड्यांपासून सुरुवात कर. "चवथीला मी बांगड्या ठेवल्या. तुम्हाला सांगितलं नाही. आता वर्ष भरत आलंय." एवढं बोल आणि थांब. मासळीचा म देखील काढू नकोस. काढलास की तो मासळीवरच बोलत राहील आणि ४५,००० बाजूला पडतील.

तो चिडेल. एखादा दिवस अबोला धरेल. धरू दे, वर्षभर आपल्याला अंधारात ठेवलं हे कळल्यावर कोणीही चिडेल. (तो अंगावर हात टाकेल अशी भीती तुला असेल, आणि म्हणून वही लपत असेल, तर माझं हे उत्तर तुझ्यासाठी नाही. मग १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर आणि मला पुन्हा लिही. तुझ्या पत्रावरून तसं वाटलं नाही.)

त्या दिवसापासून वही साड्यांखाली जाता कामा नये. फ्रिजवर ठेव, शेजारी पेन ठेव. आणि मासळीचा आकडा यापुढे त्याने लिहायचा, त्याच्या अक्षरात. लाल पेन मुलाला देऊन टाक. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात आणि मिळेल त्या मासळीचा भाव चढतो. त्या दिवसांत चार रविवार स्वतःच्या हाताने आठशे-नऊशे लिहिले की पाचव्या रविवारी तोच स्वस्त तारल्यांचा भाव विचारील, नाहीतर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर कर म्हणेल. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही.

मासळीच्या हिशेबात तुझं चुकत नाही, हेही सांगते. आठवड्याला सातशेचे चारशे झाले तर महिन्याला १,२०० वाचतात आणि तुझी तूट भरते. पण चवथ त्यातून भरत नाही. तुझी वही महिन्याची आहे आणि आपल्या घरांचा खर्च वर्षाचा असतो. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: मिरच्या, सोलं, सुकी मासळी, तांदूळ, आणि पावसाआधी कौलं परतून घेणं. जूनमध्ये वह्या, बूट, रेनकोट. मग चवथ, म्हणजे गणपतीवरची फळापानांची माटोळी, नारळ, नेवऱ्या, फटाके, पाहुणे. तिच्या पाठोपाठ दिवाळी, गावचा काला, जत्रा, आणि मध्येच कधीतरी स्कूटरचा विमा. यातलं काहीही अचानक येत नाही. तरी दरवेळी ते एकाच महिन्याच्या पगारातून काढायला बघतो आणि मग सोसायटीची पायरी चढतो.

वहीत एक कोरं पान घे आणि बारा महिने आख. हे पान तुला एकटीला भरता येणार नाही. विमा कधी संपतो, छपराचं काम यंदा निघणार का, कामावरून ओव्हरटाइम कोणत्या महिन्यात मिळतो, हे त्याला माहीत आहे. गेल्या चवथीला वजं सोडून किती गेले हे तुझ्याकडे लिहिलेलं असेल. समज १८,००० गेले. त्याला बाराने भागलं की महिन्याला १,५०० येतात, तुझ्या गृह आधारएवढे. ते पैसे तू महिन्याच्या जमेत धरतेस, ते बाहेर काढ. एरवीही ते दर महिन्याला वेळेवर पडतातच असं नाही, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. तुझ्या खात्यात येतात, तिथेच राहू देत आणि चवथीलाच निघू देत.

असं केलंस की महिन्याची तूट बाराशेची सत्तावीसशे दिसेल. दिसू दे. खरी तूट तेवढीच आहे, आजवर ती तुझ्या बांगड्यांनी भरली. ती बघून ओव्हरटाइम मागायचा, एक रविवार आड इसवण आणायची की दिवाळीचे कपडे पुढे ढकलायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. यंदा वजं नाही, तेवढा तरी हात मोकळा आहे. नणंदेला यातलं काही सांगायची गरज नाही आणि नवऱ्यालाही तसं बजाव.

सोमवारी सोसायटीत दोघं जा. आजपर्यंतचं व्याज किती झालं, मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते, व्याज भरून ती वाढवून मिळते का, आणि मुद्दलातले दोन-तीन हजार मधूनमधून भरून घेतात का, हे चार प्रश्न विचारा. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पावत्या वहीतच ठेवा.

आणि पुरुमेंताची खरेदी त्यानंतर. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचं असेल तर मिरच्या किती, सोलं किती, सुकी मासळी किती रुपयांची, हे त्या बारा महिन्यांच्या पानावर दोघांनी आधी लिहा आणि मग पिशव्या घेऊन निघा.