मुलगी बॅडमिंटन खेळते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तेरा वर्षांखालील गटात जिल्ह्यात पहिली आली. आता जो तो म्हणतो, हैदराबादला ठेवा. नाशकात राहून काही होईल का? – एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, एवढ्यात नको. सायना आणि सिंधू हैदराबादला घडल्या खऱ्या, पण आपापल्या घरात राहून. सायनाच्या वडिलांची हरियाणातून तिकडे बदली झाली, म्हणून ती तिथे. सिंधू लहानपणी सरावासाठी रोज पन्नासच्या वर किलोमीटर जा-ये करायची आणि रात्री आईच्या हातचं जेवायची. आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायनाला सरळ गेममध्ये हरवलं. दहावी-बारावीत तिला नव्वद टक्क्यांच्या वर गुण होते आणि तिच्या खेळासाठी आईने क्रीडाविज्ञानाचं शिक्षण घेतलं.

नाशकात उणीव आहे ती तुल्यबळ मुलींची. म्हणून तिला वयाने मोठ्या मुलग्यांशी खेळू द्या, हरू द्या. चौदा-पंधराव्या वर्षी इथे तिला दमवणारं कुणी उरलं नाही, की मग बाहेरचा विचार करू.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची, उजव्या हाताने खेळते. बॅकहँडच्या म्हणजे डावीकडच्या कोपऱ्यात मागे जाऊन उडी मारून स्मॅश (जोरदार खाली फटका) मारला की उतरताना डावा गुडघा दुखतो. सर म्हणतात, महिन्यावर राज्य स्पर्धा आहे, सहन कर. – खेळाडू, सिन्नर

उत्तर : बाळा, सहन करू नकोस. उद्यापासून उडी बंद आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखव. त्या कोपऱ्यात तू सगळं वजन घेऊन एकट्या डाव्या पायावर उतरतेस. मुलींचा गुडघा अशा वेळी आत वळण्याची शक्यता मुलांपेक्षा जास्त, आणि आतला मुख्य अस्थिबंध तिथेच तुटतो.

कॅरोलिना मारिन आठव. स्पेनची, रिओ ऑलिंपिकची सुवर्णविजेती. जानेवारी २०१९ मध्ये जकार्तात सायनाविरुद्ध अंतिम सामन्यात १०-४ अशी पुढे असताना उडीनंतर उतरली आणि उजवा गुडघा गेला. २०२१ मध्ये डावा गेला, टोकियो हुकलं. २०२४ ला पॅरिसच्या उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे असताना पुन्हा उजवा. कोर्टवर गुडघ्यांवर बसून रडणारी मारिन पाहिली तेव्हा मला पुढचे दोन दिवस सराव घेववेना.

पण वेळेवर उपचार घेतले तर परत येता येतं. सायना रिओमध्ये दुखऱ्या गुडघ्याने खेळून हरली, ऑगस्ट २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झाली, वर्षभरात ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्य घेतलं आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम सामन्यात सिंधूला हरवून सुवर्ण.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आरशासमोर डाव्या पायावर उभी राहा आणि सावकाश अर्धं खाली बस. गुडघा अंगठ्याच्या आत झुकतोय? मग कंबर आणि मांडीची ताकद कमी आहे. रोज दहा-दहाचे तीन सेट, आईला समोरून मोबाइलवर चित्रण करायला सांग. गुडघा पावलाच्या रेषेत राहायला लागला की मगच पायरीवरून एका पायावर उतरायचं, तीन आकडे मोजेपर्यंत न हलता. आमच्या मुलींना हे जमायला दोन-तीन महिने लागतात. राज्य स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे.

प्रश्न : सराव वाढल्यापासून सतरा वर्षांच्या मुलीची पाळी चार महिने आलेली नाही. ती म्हणते, बरंच झालं. – पालक, नाशिक रोड

उत्तर : हे बरं नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. पहाटेच्या सरावाला ती उपाशीपोटी जाते का ते बघा. निघताना केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, आल्यावर तासाभरात भाकरी, उसळ, अंडी, दूध. वजन वाढेल म्हणून भात बंद केला असेल तर तो आजच सुरू करा.

प्रश्न : थंडीत पिसांची फुलं (शटल) दोन गेममध्ये फाटतात. खर्च झेपत नाही. नायलॉनवर खेळवू का? – वडील, ओझर

उत्तर : फूटवर्क आणि वॉर्म-अपला नायलॉन चालेल, सामन्याच्या सरावाला नाही; नेटजवळचा हात त्यावर बिघडतो. आपल्याकडे डिसेंबरची हवा कोरडी, त्यात सोळाही पिसं कडक होतात. आदल्या रात्री फुलांच्या नळीचं पिसांकडचं तोंड उघडून चार-पाच सेकंद वाफेवर धरा, बुचाला ओल लागू देऊ नका, मग नळी बंद करून उभी ठेवा. थंड हवा जड असते, त्यात फूल आखूड पडतं. उन्हाळ्यात तेच लांब जातं. म्हणून वर्षभर एकाच वेगाची फुलं घेऊ नका. मागच्या रेषेवरून खालून वर पूर्ण ताकदीने मारलेलं फूल पलीकडच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं, तर वेग बरोबर. डबा घेण्याआधी दुकानदाराकडून एक फूल मागून कोर्टवर मारून बघा.